वाघावरचा चांगदेव आणि जादूची पुस्तकं

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की आमच्या जळगावच्या छोट्याशा वाचनालयात सुट्टीत सगळ्यात जास्त फाटतात ती पुस्तकं म्हणजे जादूगार, ड्रॅगन, अंगठ्या आणि बोलणारे सिंह असलेली, आणि बाइंडिंगवाले काका दर जूनला विचारतात की ताई, याच पुस्तकांचे कणे का मोडतात हो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळी दुसरा विषय घेतच नाही. बहुतेकांचा सूर एकच, पोरगं वाचतंय याचा आनंद आहे पण ते नेमकं काय वाचतंय याची धाकधूक आहे. पाच पत्रं घेतलीयेत, थोडी कापून.

ताई, माझा मुलगा सहावीत आहे. चुलतभावाकडून हॅरी पॉटरचे मराठी भाग आणलेत आणि जेवताना पण सोडत नाही. सासूबाई म्हणतात, "काय व माय, पोराले चेटूक शिकवतं का ते पुस्तक?" त्यात सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की असली पुस्तकं वाचून मुलं धर्मापासून लांब जातात. मिस्टर म्हणतात बंद कर, कटकट नको. मला स्वतःला वाचायला वेळ होत नाही. बंद करू की चालू ठेवू? — एक आई, भुसावळ

बंद करू नका. पण जेवताना मात्र बंद करा, पुस्तकावर वरणाचे डाग पडतात आणि ते उसनं आणलेलं आहे.

आता तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजचं. गंमत बघा, अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत लायब्रऱ्यांमधून काढून टाका अशी तक्रार ज्या पुस्तकांवर सगळ्यात जास्त झाली त्यात ही मालिका पहिल्या नंबरवर होती, आणि तक्रार करणारे बरेचसे लोक धार्मिक ख्रिश्चन होते, त्यांचं म्हणणं की आमची पोरं यामुळे सैतानाच्या नादी लागतील. तिकडे भीती की ख्रिस्तापासून लांब जातील, आणि तेच पुस्तक इकडे भुसावळात आलं की भीती की आपल्या धर्मापासून लांब जातील, म्हणजे एकाच पुस्तकावर दोन्ही बाजूंनी आळ. मेसेज टाकणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नसावं असा माझा अंदाज आहे.

सासूबाईंची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, त्यांनी ज्या काळात संसार केला त्या काळात करणी, भानामती असल्या गोष्टींनी घरं मोडलेली त्यांनी पाहिली असतील. त्यांना एवढंच सांगा की या पुस्तकातली जादू म्हणजे शाळेतला विषय आहे, गणितासारखा, त्याचा गृहपाठ असतो, नापास होतात, कुठल्या देवाला किंवा भुताला आळवून ती येत नाही. तुमचा मुलगा दोन दिवस झाडू घेऊन गच्चीवर उड्या मारेल आणि काही होत नाही म्हटल्यावर झाडू जागेवर ठेवेल. आमच्याकडे तर एकाने केर पण काढून दिला.

आणि मग सासूबाईंना विचारा, राक्षसाचा जीव पोपटात असतो ती गोष्ट येते का? हमखास येत असेल. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव. तर या इंग्रजी मालिकेतला जो खलनायक आहे त्याने अगदी हेच केलंय, मरायचं नाही म्हणून स्वतःच्या आत्म्याचे तुकडे करून एकेका वस्तूत लपवलेत, एक तर सापातच. फरक कुठे आहे ते नीट बघा. आजीच्या गोष्टीत राक्षसाने जीव पोपटात ठेवला कसा हे कोणी विचारत नाही, ठेवला म्हणजे ठेवला. इथे त्याची किंमत सांगितलीये, एक तुकडा काढायचा तर एक खून करावा लागतो. आणि असे तुकडे करत करत तो माणूस मरत नाही हे खरं, पण माणूसही राहत नाही. सहावीतल्या मुलाला हे कळतं, मी बघितलंय.

धर्माचं म्हणाल तर तेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. शेवटच्या, २००७ साली आलेल्या भागात हॅरीच्या आईबापांच्या थडग्यावर जी ओळ कोरलीये ती सरळ बायबलमधली आहे, शेवटचा शत्रू जो नाहीसा व्हायचा तो मृत्यू, अशा अर्थाची. लेखिकेने ती कुठली ते पुस्तकात सांगितलेलं नाही. हॅरीला ती वाचून धक्का बसतो, हे तर त्या खलनायकासारखंच बोलणं झालं ना, मरणाला हरवायचं! मग मैत्रीण समजावते की तसं नाही, मरण टाळणं वेगळं आणि मरणापलीकडे जगणं वेगळं. माझ्या मते अख्ख्या सात भागांचं सार त्या थडग्यापाशी आहे.

आणि हा वाद आपल्याला नवा आहे का? तुम्ही भुसावळच्या, मुक्ताईनगर तुमच्या शेजारी. एका रविवारी दुपारी पोराला घेऊन चांगदेवला जा, तापी आणि पूर्णेच्या संगमावर जुनं दगडी देऊळ आहे, आणि तिथे पायरीवर बसून त्याला गोष्ट सांगा. चांगदेव हा आपल्या गोष्टींमधला सगळ्यात मोठा जादूगार, योगाच्या बळावर मरण चौदाशे वर्षं परतवलेला. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्याने पत्र लिहायला घेतलं तर मायना काय लिहावा तेच कळेना, वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं की ज्ञानाने मोठे म्हणून तीर्थरूप, शेवटी कोरा कागद पाठवला. तो बघून मुक्ताबाई, म्हणजे घरातली सगळ्यात धाकटी पोर, म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. मग तो वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटायला आला, आणि ही भावंडं बसली होती ती भिंतच चालत सामोरी गेली. पुढे ज्ञानेश्वरांनी त्याच्यासाठी पासष्ट ओव्या लिहिल्या आणि चांगदेवाने गुरू केली ती मुक्ताबाईला. वाघ आहे, साप आहे, उडती नाही पण चालती भिंत आहे, सगळा मसाला आहे, आणि तरी गोष्ट जिंकते कोण तर एक लहान मुलगी, जिच्या हातात छडी पण नाही. तुमचा मुलगा हे ऐकून काय म्हणतो ते मला कळवाच.

एक सूचना मात्र. पहिले तीन भाग सहावीला ठीक. चौथ्याच्या शेवटी शाळेतलाच एक मुलगा डोळ्यांसमोर मारला जातो आणि तिथून पुढे गोष्ट काळी होत जाते, ते भाग एक वर्ष कपाटात वर ठेवा किंवा तुम्ही सोबत वाचा. वेळ नाही म्हणालात, पण कणीक मळताना ऐकता तर येईल, त्याला मोठ्याने वाचायला सांगा.

नातवाला वाढदिवसाला तीन पुस्तकं घेऊन दिली, राक्षस आणि परीराज्याची. एकाही गोष्टीखाली तात्पर्य नाही. आमच्या वेळी प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरात तात्पर्य असे. मग मुलं यातून घेणार काय? — निवृत्त कर्मचारी, यावल

आप्पा, तात्पर्य मी पण पाठ केलंय, परीक्षेला दोन मार्क असायचे. कोल्हा, द्राक्षं, करकोचा सगळे लक्षात आहेत, तात्पर्यं मात्र एकमेकांत मिसळलीयेत, एकाचं दुसऱ्याला लावलं तरी चालतं असं आता वाटतं.

तुम्ही म्हणाल साने गुरुजींनी नाही का संस्कार केले. केले ना, आणि आपल्याच अमळनेरला, १९२४ ते १९३० ते तिथल्या शाळेत शिकवत होते आणि वसतिगृहातल्या मुलांमध्ये राहत होते. पण त्यांच्या श्यामची ती आंघोळीनंतरची गोष्ट आठवा, पायाला माती लागू नये म्हणून तो हट्ट करतो आणि आई धोंड्यावर आपलं लुगडं पसरते, त्यावर पाय ठेवून तो घरात जातो. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हे ती नंतर बोलते. बोलते, म्हणजे तात्पर्य आहेच की, खोटं कशाला सांगू! पण लुगडं आधी पसरते. या नवीन पुस्तकांत बहुतेक वेळा फक्त लुगडं पसरलेलं असतं, पुढचं तुमच्या नातवाने बोलायचं आणि तुम्ही ऐकायचं. न बोलला तर सोडून द्या, मागे लागू नका.

माझी मुलगी आठ वर्षांची. नार्निया या इंग्रजी मालिकेचं पहिलं पुस्तक आम्ही रोज रात्री थोडं थोडं मराठीत करून सांगतो. सिंह मरतो तिथे ती खूप रडली, तो परत जिवंत झाल्यावर म्हणाली, "पप्पा, हा देव आहे का?" मी नेटवर बघितलं तर कळलं की लेखकाने ख्रिस्ताचीच गोष्ट सांगितलीये. मला फसवल्यासारखं वाटलं. हे मुलांच्या पुस्तकातून प्रवचन झालं ना? — एक वडील, अमळनेर

फसवल्यासारखं वाटणं मी समजू शकते, मला पण वाटलं होतं, आणि मी तर तेव्हा पस्तिशीत होते. लेखक सी. एस. लुईस हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक, तरुणपणी देव न मानणारे, १९३१ च्या सुमाराला ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले. हे पुस्तक १९५० चं आणि शेवटचं, सातवं १९५६ चं. त्यांचं म्हणणं असं होतं की हे रूपक नव्हे, ही एक कल्पना आहे, समजा अशी एखादी बोलणाऱ्या प्राण्यांची दुनिया असती आणि तिथे देवाने अवतार घेतला असता तर तो कसा आला असता? आता 'समजा दुसऱ्या योनीत अवतार घेतला असता तर' हे वाक्य ज्या देशात मत्स्य, कूर्म, वराह आणि अर्धा सिंह अर्धा माणूस असे अवतार घरोघरी माहीत आहेत तिथे तर कोणाला दचकवायला नको. तुमच्या मुलीने बरोबर ओळखलं, आणि तिने ओळखलं ते नेटवर न बघता. हो म्हणून सांगा. लेखकाच्या मनात त्याच्या धर्मातला देव होता, तो सिंहाच्या रूपात कसा दिसेल असं त्याने लिहिलं. एवढं स्वच्छ सांगितलं की फसवणूक संपली, मग ते नुसतं दुसऱ्याच्या घरचं देवघर बघणं झालं.

पण मला वाटतं तुम्ही चुकीच्या जागी अडकलात. सिंह देव आहे की नाही यापेक्षा भारी प्रश्न त्या गोष्टीत दुसराच आहे, तो सांगते, आमच्या वाचनालयात शनिवारी झालेला प्रसंग आहे.

मी ही गोष्ट पंधरा-वीस पोरांना सांगत होते. चार भावंडांपैकी एडमंड नावाचा मुलगा चेटकिणीने दिलेल्या मिठाईच्या नादाने स्वतःच्या भावाबहिणींना तिच्या तावडीत द्यायला निघतो. टर्किश डिलाइट म्हणजे काय ते कोणालाच माहीत नव्हतं, मी म्हटलं आपल्या हलव्याच्या वडीसारखं काहीतरी समजा, तर मागून एक आवाज आला, "वडीसाठी नाही, जिलेबीसाठी मी पण दिलं असतं." सगळे हसले. मग नियम असा निघतो की गद्दाराचा जीव चेटकिणीचा, तिथला जुना कायदाच आहे तो, आणि एडमंडच्या बदल्यात सिंह स्वतः दगडी मेजावर जाऊन मरतो. इथे माझी अपेक्षा की पोरं गहिवरतील. तर चौथीतला एक शांत मुलगा, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, "पण मॅडम, चूक एडमंडने केली ना. मग वाल्या कोळ्यासारखं त्यानेच भोगायला पाहिजे. बायकोपण बोलली होती ना नाही म्हणून."

मी गप्पच झाले. बरोबर बोलला पोरगा. आपल्याकडे वाल्या घरी जाऊन विचारतो की मी तुमच्यासाठी जे पाप करतोय त्यात वाटेकरी होणार का, आणि बायको-पोरं सगळे म्हणतात नाही, तुझं तू भोग. तिथूनच त्याचा वाल्मीकी व्हायला सुरुवात होते. आणि इथे एक सिंह येतो आणि म्हणतो मी होतो वाटेकरी, सगळंच माझ्यावर घाला. दोन धर्मांची दोन मोठी पुस्तकं शेजारी ठेवून जो फरक समजावायला तासभर लागेल तो जिलेबी आणि वाल्या कोळ्यात पाच मिनिटांत उलगडला. मग पोरांमध्येच जुंपली, एकीचं म्हणणं वाल्याच्या बायकोचं बरोबर कारण तिने थोडीच लुटायला सांगितलं होतं, दुसऱ्याचं म्हणणं की मग खाल्लं का, पोळ्या तर त्याच पैशाच्या होत्या. मी मध्ये पडले नाही, चहा घ्यायला निघून गेले.

तर तुमच्या मुलीला झोपताना वाल्या पण सांगा, सिंहानंतर लगेच. आणि हो, या मालिकेचं शेवटचं पुस्तक मला स्वतःला आवडत नाही. मोठी बहीण लिपस्टिक आणि पार्ट्यांच्या मागे लागली म्हणून ती बाकीच्यांसोबत शेवटी नार्नियात नाही, असं त्यात येतं, ते वाचून आमच्याकडच्या मोठ्या मुली जाम चिडतात आणि त्यांचं चिडणं मला पटतं. प्रवचन म्हणायचंच असेल तर त्याला म्हणा.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलांची घरची बोली पावरी. वाचनपेटीत परीकथा, चेटकिणीच्या गोष्टी आल्यात. आमच्या भागात अजूनही एखाद्या बाईला डाकीण ठरवून त्रास देण्याचे प्रकार होतात. अशा ठिकाणी चेटकिणीची गोष्ट वर्गात सांगावी का? कायद्यात बसतं का? — एक शिक्षक, धडगाव तालुका

सर, आलेल्या सगळ्या पत्रांत खरा अवघड प्रश्न तुमचा आहे, बाकी आम्ही शहरात बसून चर्चा करतोय.

कायद्याचं आधी सांगून टाकते. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, आणि तो गोष्टीच्या नव्हे, माणसांना छळण्याच्या आणि फसवण्याच्या विरोधात आहे. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यात सैतानी शक्ती आहे असं पसरवून तिला मारहाण करणं, गावाबाहेर काढणं हा त्यात गुन्हा आहे. कीर्तन-प्रवचन, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं याला त्यात मनाई नाही. मग चालत्या भिंतीची गोष्ट सांगता येते तशी परीकथाही येते.

पण कायद्यात बसतं म्हणजे निभलं असं नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. परदेशी परीकथेतली चेटकीण कशी असते बघा. म्हातारी, एकटी, गावापासून लांब झोपडीत, मुलं नाहीत, काहीतरी मुळ्या-पाल्याची औषधं करते. आणि डाकीण कोणाला ठरवतात? कोणाचं लेकरू आजारी पडलं, गाय दगावली की बोट जातं ते बहुतेक वेळा असल्याच एकट्या, विधवा बाईकडे, आणि कित्येकदा तिच्या नावावर थोडीफार जमीनही असते. पुस्तकातलं चित्र आणि गावातली ती म्हातारी तंतोतंत जुळतात. शहरातल्या पोराला ती चेटकीण म्हणजे फॅन्सी ड्रेस, तुमच्या वर्गातल्या पोराला ती शेवटच्या पाड्यावरची अमुक आजी.

म्हणून माझं मत असं, आणि मत आहे, तुम्ही तिथे उभे आहात तेव्हा शेवटचं तुमचं खरं. झोपडीतली म्हातारी चेटकीण, जिला शेवटी भट्टीत ढकलतात आणि सगळे टाळ्या वाजवतात, ती गोष्ट पेटीत खाली ठेवा. नार्नियातली चेटकीण चालेल, ती गरीब नाही, ती राणी आहे, तिच्याकडे सैन्य आहे, तिथे मुलांना कळतं की दुष्टपणा सत्तेकडून येतो. आणि हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागात एक फार चांगले मास्तर आहेत, त्यांना पौर्णिमेला लांडगा होण्याचा आजार असतो, वर्षभर ते मुलांना जीव लावून शिकवतात आणि ही गोष्ट फुटल्यावर पालक काय म्हणतील म्हणून स्वतःच नोकरी सोडून जातात. ते प्रकरण पावरीत सांगून बघा. मास्तर जाताना मुलं काय विचारतात तिकडे कान ठेवा.

आणि एक करून बघाल का, गोष्ट झाली की मुलांना म्हणा आता हीच गोष्ट त्या म्हातारीने सांगितली तर कशी सांगेल. मराठीत नको, त्यांच्या बोलीत. वहीत उतरवायची घाई करू नका. वहीत घ्यायचं म्हटलं की मुलं बाईंना आवडेल ते बोलतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे आणि मी शाळेत सुद्धा नाही.

मी नववीत आहे. मी एक फँटसी लिहितेय, त्यात अश्वत्थामा रात्री आमच्या गल्लीत येऊन कपाळाच्या जखमेसाठी तेल मागतो आणि हिरोईन त्याला तेल देते. काका म्हणतात देवाधर्मातली माणसं घेऊन असलं लिहू नये. मैत्रीण म्हणते शेवटी त्याला मारून टाक म्हणजे क्लायमॅक्स येईल. पण त्याला मरता येत नाही ना? — धुळे

तुझं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. त्याला मरता येत नाही ना. तीच तुझी गोष्ट आहे गं, क्लायमॅक्स वगैरे मैत्रिणीला लिहू दे.

काकांना सांग की अश्वत्थामा देव नाही, आणि त्याला खानदेशात आणलं ते तू नाही. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंभ्याचा डोंगर आहे, दिवाळीत लोक यात्रेला तो चढून जातात, आणि तो अजून तिथे जखमेला तेल मागत फिरतो असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिकडे बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावर पण म्हणतात की पहाटे तो महादेवाला फूल वाहून जातो. म्हणजे दोन्हीकडून तो तुमच्या धुळ्याला वाटेवरच आहे, गल्लीत आला तर नवल ते काय.

पण लिहिण्याआधी त्याने केलं काय ते नीट वाच, कारण तेल देणं सोपं वाटलं तर गोष्ट पडेल. युद्ध संपल्यावर रात्री छावणीत शिरून त्याने झोपलेल्यांना मारलं, द्रौपदीच्या पाचही मुलांना. वर उत्तरेच्या पोटातल्या बाळावर अस्त्र सोडलं. मग कपाळावरचा मणी काढून घेतला गेला आणि कृष्णाने शाप दिला, तीन हजार वर्षं रक्तापूने माखून एकटा भटकशील. आणि आता भागवतात काय आहे ते बघ, त्याला बांधून आणल्यावर द्रौपदी म्हणते की सोडा याला, हा गुरूचा मुलगा आहे, मी रडतेय तशी याची आई रडायला नको. पाच पोरांची प्रेतं समोर असताना! तुझ्या हिरोईनच्या आधी तेल देणारी ती पहिली बाई आहे असं मला नेहमी वाटतं.

असाच धागा त्या अंगठीच्या मोठ्या इंग्रजी कादंबरीत आहे, लॉर्ड ऑफ द रिंग्ज, १९५४-५५ ची, टॉल्किनची. तो माणूस पक्का कॅथलिक, पण अख्ख्या पुस्तकात चर्च नाही की प्रार्थना सांगणारा पाद्री नाही, सगळं जमिनीखाली मुरवलेलं आहे, आणि म्हणून मला तो नार्नियापेक्षा जास्त आवडतो. त्यात एक लाचार, खुनी प्राणी असतो, गोलम, त्याला मारायची संधी असून बिल्बो, म्हणजे हिरो फ्रोडोचा वडीलधारा नातलग, याने पूर्वीच दया येऊन सोडलेलं असतं. शेवटी ती घातक अंगठी आगीत टाकून नष्ट करायची असते, आणि ज्या फ्रोडोवर सगळ्यांची भिस्त तोच ऐन वेळी ती टाकायला नाही म्हणतो, हिरो चक्क नापास होतो, आणि काम होतं ते त्या सोडून दिलेल्या गोलमच्या हातून, तेही त्याच्या मनात नसताना. दयेचं फळ असं उशिराने मिळतं.

तुझ्या गोष्टीत मला एक कळलं नाही, हिरोईनला तो कोण आहे हे माहीत असतं का? माहीत नसताना तेल दिलं तर ती चांगली मुलगी, बस, तिथे थांबली. माहीत असून दिलं तर तिला रात्रभर झोप येणार नाही, आणि तुझी खरी गोष्ट त्या रात्रीची असेल. तुझी आजी श्रावणात कहाणी वाचते ना, त्यात वसा देताना आधी बजावतात, उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. अश्वत्थाम्याला अमरपण मिळालं, अस्त्र मिळालं, पण हे कोणी बजावलंच नाही, किंवा बजावलं आणि त्याने ऐकलं नाही. हिरोईन त्याला हे विचारू शकते. दारातच, चौकटीच्या आत उभी राहून, वाटी पुढे न करता.

आणि तेल कुठलं ते लिही. नुसतं तेल लिहू नकोस. आमच्या आजीकडे कपाशीमुळे सरकीचं तेल असायचं, त्याचा वास जखमेला लावल्यावर वेगळाच येतो, शेंगदाण्याचं असेल तर ते महाग, आई ओरडेल की अर्धी बरणी कुठे गेली. अशी आई ओरडते तो प्रसंग लिहून झाला की मला पाठव, पानं कितीही होऊ दे.